हजेरी : शाळेतली आणि चावडीवरची

शाळेचा दिवस हजेरीने सुरू होतो. नाव पुकारले जाते, मूल 'हजर' म्हणते, पटावर खूण होते. या शब्दाला आपल्याकडे आणखी एक अर्थ होता आणि तो फार जुना नाही. काही जमातींतल्या माणसांना ठरलेल्या वेळी पोलीस पाटलापुढे किंवा ठाण्यात उभे राहून 'हजर' म्हणावे लागे. त्यांनी काही गुन्हा केला होता म्हणून नव्हे, तर ती माणसे विशिष्ट जमातीत जन्मली होती म्हणून. शाळेतल्या हजेरीचा हेतू मूल शिकावे हा असतो. चावडीवरच्या हजेरीचा हेतू माणूस नजरेआड जाऊ नये हा होता.

गुन्हेगार जन्मतो की घडतो, हा प्रश्न विज्ञानाने पुरता तपासण्याआधीच कायद्याने त्याचे उत्तर देऊन टाकले होते. ते कसे घडले, पुढे तपासणीत काय आढळले आणि मधल्या काळात त्या उत्तराची किंमत कोणी मोजली, हे या लेखात पाहू या. सुरुवात मराठवाड्यातल्या कळमनुरीच्या शेजारापासून करू.

हिंगोलीचा व्यापारी

कळमनुरीहून वीसेक किलोमीटरवर हिंगोली आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि कळमनुरी तालुका त्यात आला. एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोलीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही तिथल्या वस्त्यांची नावे त्या छावणीची आठवण देतात.

या फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी होता. १८३९ मध्ये त्याने ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची एक हकीकत दिली आहे. तिथे हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतल्या अनेकांचा, खुद्द टेलरचाही, त्याच्याशी देवघेवीचा व्यवहार होता. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी तसाच माल घेऊन वाटेवर आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार मारून त्याने तो माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. पुढे पकडल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले, तेव्हा ते कळले. छावणीच्या पहाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पुरलेली प्रेते नंतर उकरून काढली गेली. त्या वेळी टेलर स्वतः हजर होता.

ही हकीकत थोड्या सावधपणे वाचायला हवी. ठगांविषयीची बरीच माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबानीतून आलेली आहे आणि जो अधिक सांगेल त्याचा फाशीचा दोर सुटेल, अशी ती व्यवस्था होती. तरी रस्त्यांवर खून पडत होते आणि प्रवासाला निघालेली माणसे परत येत नव्हती, हे खरे होते. वाट पाहणाऱ्या घरांना अनेकदा काय झाले तेही कळले नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांचे हे दुःख या विषयात कधीही नजरेआड होऊ नये.

आता या हकीकतीतून कोणता निष्कर्ष काढायचा? हरिसिंगाचा चेहरा, पेहराव किंवा धंदा पाहून तो खुनी आहे, हे रोज त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही ओळखता आले नव्हते. पकडलेल्या ठगांत हिंदू होते, मुसलमान होते, निरनिराळ्या जातींचे लोक होते. तेव्हा माणसाची ओळख पाहू नका, कृती तपासा, हा निष्कर्ष सरळ होता. सरकारने मात्र वेगळा निष्कर्ष काढला. गुन्हेगार ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांची कुळेच आधी नोंदवून ठेवली पाहिजेत, असे ठरले.

सुताराचा मुलगा सुतार, मग चोराचा मुलगा?

१८३६ च्या ठगीविषयक कायद्याने एक नवा पायंडा पाडला. अमुक खून अमुक माणसाने केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येऊ लागली. पुढे जबलपूरला माफीच्या साक्षीदारांसाठी उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. त्यांच्या मुलांनाही तिथेच कामाला लावले गेले, कारण ती बापाच्या वाटेने जातील, अशी धास्ती होती. याच सुमारास फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला पाठवण्यात आल्या. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखता येतो, असे मानणारी मंडळी तिथे होती. गुन्हेगारी हाडातच असते, ही समजूत त्या काळी विज्ञानाच्या वेषात वावरत होती.

१८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती कायदा' झाला. त्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद असा : हिंदुस्थानात जात म्हणजे धंदा. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो. तेव्हा ज्यांच्या पूर्वजांचा धंदा चोरी, त्यांची मुलेही चोरच होणार. वर्गात तर्कदोष शिकवायचा असेल तर याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. सुताराचा मुलगा सुतार होतो तो वडिलांच्या हाताखाली शिकतो म्हणून, हत्यारे घरात असतात म्हणून आणि दुसरा धंदा त्याला खुला नसतो म्हणून. म्हणजे या युक्तिवादातले उदाहरणच परिस्थितीचे आहे आणि निष्कर्ष मात्र रक्ताचा काढला आहे.

ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांचे मूळ धंदे कोणते होते? बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहून नेत, फौजांना रसद पुरवत. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे जसजसे रूळ पसरले तसतशी ही वाहतूक त्यांच्या हातून गेली. मिठाच्या व्यापारावरचे सरकारी निर्बंध वेगळेच. पारधी शिकारीवर जगत. १८७८ च्या वनकायद्याने जंगले सरकारी झाली. कैकाडी टोपल्या विणत आणि त्या विकत गावोगाव हिंडत. या साऱ्यांचा समान गुण म्हणजे भटकेपणा. ज्याला गाव नाही, जमीन नाही, ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, तो संशयाला सर्वांत जवळचा.

कायद्याच्या जाळ्यात

१८७१ चा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ मध्ये नवा कायदा होऊन तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही वापरता येऊ लागला आणि १९२४ मध्ये सर्व तरतुदी एकत्र केल्या गेल्या. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गावाबाहेर जायचे तर पास काढावा लागे. जमातीला गुन्हेगार ठरवणे योग्य की अयोग्य, हे न्यायालयाला तपासता येत नसे. ६ ते १८ वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचीही तरतूद होती.

मुंबई इलाख्यात अशा जमातींसाठी वसाहती काढल्या गेल्या. त्यांतली सोलापूरची 'सेटलमेंट' मोठी होती. कुंपणाच्या आतून माणसे गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत येत. सोलापुरात सेटलमेंट हे नाव आजही टिकून आहे. कळमनुरीचा भाग निजामाच्या राज्यात असल्याने तिथे इंग्रजी मुलखातला कायदा थेट चालत नव्हता. पण हैदराबाद संस्थानानेही गुन्हेगार जमातींविषयी आपला वेगळा कायदा केला होता. सरहद्द बदलली तरी तांड्याकडे पाहण्याची नजर सारखीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगारां'विषयीचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ मध्ये केला. तेव्हा मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, त्यामुळे कळमनुरीही त्याखाली आली. कागदावर हे कायदे जमातीला नव्हे तर व्यक्तीला लागू होतात. मात्र ठाण्यातल्या जुन्या याद्या आणि जुन्या सवयी एका दिवसात पुसल्या जात नाहीत. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली, ती याच कारणाने.

मोजण्यातली खोट

'पण या जमातींत गुन्ह्यांचे आकडे खरोखरच जास्त होते ना?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यावर उलट विचारावे : आकडे गोळा कसे केले?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन वस्त्या आहेत, प्रत्येकीत १०० घरे. दोन्हींत प्रत्येकी १० घरांत चोरीचा माल आहे. पोलिसांनी पहिल्या वस्तीतली ५० घरे झडली, दुसरीतली फक्त १०. सरासरीने पहिलीत ५ घरांत माल सापडेल, दुसरीत १ घरात. नोंदवहीत पहिली वस्ती पाचपट गुन्हेगार दिसेल. पुढच्या वर्षी झडतीचे नियोजन याच नोंदवहीवरून होईल आणि फरक आणखी वाढेल. गुन्हे मात्र दोन्हीकडे सारखेच होते. शिवाय हजेरी चुकवणे हाच गुन्हा ठरवला, तर आजारी बहिणीला भेटायला विनापास गेलेला माणूसही गुन्हेगारांच्या संख्येत जमा होतो. मोजण्याच्या साधनानेच मोजायची राशी वाढवली, तर त्या मापनाला अर्थ उरत नाही.

गुन्हेगारी जन्मजात असती तर आणखी एक गोष्ट घडायला हवी होती. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. तिथे जमीन, मजुरी आणि नवी सुरुवात मिळाल्यावर त्यांच्या वंशजांचे काय झाले, हे जगासमोर आहे. त्या समाजाला कोणी गुन्हेगार जमात म्हणत नाही.

मुलांच्या मागे मागे जाणारे अभ्यास

१८७६ मध्ये इटलीच्या लोम्ब्रोसोने जन्मजात गुन्हेगार चेहरेपट्टीवरून ओळखता येतो, असे मांडले. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंगने सुमारे ३,००० इंग्रज कैद्यांची मोजमापे इतर लोकांशी ताडून पाहिली. कैद्यांची अशी कोणतीही वेगळी शारीरिक जात त्याला सापडली नाही.

पुढे अधिक चांगली पद्धत आली. गुन्हेगार पकडून त्याचा भूतकाळ शोधण्याऐवजी लहान मुले निवडायची आणि वर्षानुवर्षे त्यांच्या मागे जायचे. १९६१ मध्ये दक्षिण लंडनच्या एका कामगार भागातली ८–९ वर्षांची ४११ मुले डोनाल्ड वेस्ट यांनी अभ्यासाला घेतली. पुढे डेव्हिड फॅरिंग्टन यांनी हे काम दशकानुदशके चालवले. लहानपणची कोणती परिस्थिती पुढच्या गुन्ह्यांशी निगडित होती? घरचे दारिद्र्य, मोठे कुटुंब, मुलाकडे पुरेसे लक्ष नसणे, घरात कोणाला शिक्षा झालेली असणे, मुलाचा अतिउतावळा स्वभाव आणि शाळेत मागे पडणे. ही सर्व मुले एकाच भागातली, जवळजवळ सगळी गोरी इंग्रज. जात किंवा जमात हा प्रश्नच नव्हता. तरी ५० व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या सुमारे ४१ टक्के जणांना कधी ना कधी शिक्षा झाली होती. त्यांतही एकूण शिक्षांपैकी निम्म्याहून अधिक जेमतेम ७ टक्के जणांच्या वाट्याच्या होत्या.

या परिस्थितींना 'जोखमीचे घटक' म्हणतात. जोखीम म्हणजे भविष्यवाणी नव्हे. अमेरिकेत कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये ९०८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड सोसल्याची न्यायालयात नोंद असलेली ही मुले होती. त्यांच्यापैकी २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली. तशाच परिस्थितीतल्या, पण अशी नोंद नसलेल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. या आकड्यांतून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. गुन्ह्याचा बळी ठरलेल्या मुलाची जोखीम वाढते, हे पहिले. अशा मुलांपैकी ७४ टक्के त्या वाटेला गेलीच नाहीत, हे दुसरे. बहुतेकदा आपण पहिली गोष्ट लक्षात ठेवतो आणि दुसरी विसरतो.

शिक्का हाच जोखमीचा घटक

लंडनच्या अभ्यासात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. १४ व्या वर्षी ज्यांनी सारख्याच प्रमाणात खोड्या आणि लहानसहान गुन्हे केल्याचे स्वतः सांगितले होते, अशा मुलांची तुलना केली. त्यांतल्या काहींना पुढच्या चार वर्षांत पकडून शिक्षा झाली, काही सुटले. १८ व्या वर्षी शिक्षा झालेल्या मुलांचे गैरवर्तन वाढलेले दिसले. सुरुवात सारखी होती, मधला फरक शिक्क्याचा होता.

शिक्क्याचा परिणाम पोटावरही होतो. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे तरुण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नोकरीचे अर्ज घेऊन फिरले. फरक एवढाच की काहींच्या अर्जात तुरुंगवासाचा उल्लेख होता. गोऱ्या तरुणांत तो उल्लेख नसताना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, असताना १७ टक्के. काळ्या तरुणांत हे प्रमाण १४ आणि ५ टक्के होते. म्हणजे शिक्षा न झालेल्या काळ्या तरुणाला शिक्षा झालेल्या गोऱ्या तरुणापेक्षाही कमी बोलावणी आली. जन्माचा शिक्का शिक्षेच्या शिक्क्याहून जड ठरू शकतो, हे आपल्या तांड्यांना वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यातलेच उदाहरण पाहा. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला आणि अत्याचारही झाले. त्या कुटुंबाचे दुःख शब्दांपलीकडचे आहे. या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. फेरविचारात ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून आधी वेगळीच माणसे ओळखली होती, हे त्यात पुढे आले. हे अत्यंत गरीब, भटक्या जमातीतले मजूर आहेत आणि त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येकाला ५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. सुमारे १६ वर्षे मात्र परत आली नाहीत. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ज्यांच्या घरावर हा घाला पडला, त्यांनाही इतक्या वर्षांनी न्याय मिळालाच नाही. चुकीच्या माणसावर संशय घेतला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, हा या विचारपद्धतीचा सर्वांत व्यावहारिक तोटा आहे.

२०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार भारतातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा आहे असे. जामीनदार नसलेला गरीब माणूस त्यांत अधिक काळ राहतो. त्या काळात घरची मजुरी बुडते, कर्ज होते, मुलाची शाळा सुटते. वर सांगितलेली जोखमीच्या घटकांची यादी पुन्हा वाचा. दारिद्र्य, लक्ष नसणे, शाळेत मागे पडणे. एका पिढीची अटक दुसऱ्या पिढीची जोखीम बनते. रक्तातून काही वाहत नाही, परिस्थिती वाहते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते आनुवंशिक वाटते.

वर्गात

सोलापूरला कुंपणाआड ठेवून जे साधले नाही, ते कशाने साधते? बॉस्टनच्या ५०० गुन्हेगार ठरलेल्या मुलांचा अभ्यास ग्लुएक दांपत्याने १९४० च्या सुमारास सुरू केला. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी त्यांतल्या माणसांचा माग सत्तरीपर्यंत काढला. स्थिर काम आणि जिव्हाळ्याचा संसार लाभलेली माणसे गुन्ह्यापासून दूर गेली होती. लहानपणावरून त्यांचा शेवट सांगता येत नव्हता.

आपला कायदाही आता हेच मानतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाचे किंवा त्याच्या शाळेचे नाव छापता येत नाही आणि काही गंभीर अपवाद सोडता त्याची जुनी नोंद पुढे नष्ट करायची असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतले जातीवर आधारलेले भेद घटनाबाह्य ठरवले. त्या निकालात विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या जुन्या नियमांचाही समाचार घेतला आहे.

राहिला आपला वर्ग. कळमनुरी तालुक्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. मराठवाड्यातून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि त्यांची मुले पटावर गैरहजर होतात. शाळेत मागे पडणे हा जोखमीचा असा घटक आहे, ज्यावर पोलीस, न्यायालय किंवा सरकार यांच्याआधी शिक्षकाचा हात पोचतो. मूल परत आल्यावर त्याला बुडालेला भाग कोण शिकवतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

दुसरी गोष्ट याहून लहान दिसते. वर्गात कंपासपेटी हरवते. सगळ्यांच्या माना एका बाकाकडे वळतात आणि दप्तर कोणाचे उघडायचे, हे न बोलता ठरते. ते दप्तर उघडले की त्या मुलापुरती चावडीवरची हजेरी पुन्हा सुरू होते. कंपासपेटी सापडो वा न सापडो. अशा वेळी एकतर सगळ्यांची दप्तरे पाहावीत किंवा कोणाचेच पाहू नये आणि वरचे दोन वस्त्यांचे गणित त्याच दिवशी फळ्यावर सोडवून दाखवावे. आठवी-नववीच्या मुलांना ते सहज समजते.